पुणे ते खंडाळा, तीन नळकांड्यांवर

खंडाळ्याहून आलो म्हटलं की मंडळींचे प्रश्न ठरलेले. दरीतलं धुकं कसं होतं? नागफणी पाहिलीत का? हवा मानवली का? कपाळ माझं! जाण्याच्या दोन दिवसांत मी पाहिलं ते एका मोटारीचं इंजिन. समोरून, डावीकडून, उजवीकडून, आणि एकदा रस्त्यावर उताणा पडून खालून. ज्यांनी खंडाळा पाहिलेलं नाही, आणि ज्यांच्या घरी मोटार घेण्याची भाषा चालू आहे, अशांसाठी हे लिहून ठेवतो.

मोटार आमच्या दादासाहेबांची. दादासाहेब म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, यमूचे, यजमान. ते वकील आहेत. मी शाळेत गणित शिकवतो, आणि घरात लहानथोर मला अण्णा म्हणतात. गाडी हाकणारा सखाराम मावळातला. आधी तो बैल हाकायचा, मग टांगा, आणि गेली तीन वर्षं ही मोटार. दादासाहेबांच्या परसातल्या खोलीत तो बायको आणि दोन मुलींना घेऊन राहतो.

ही मोटार दादासाहेबांकडे येण्याआधी तीन धन्यांनी वापरली होती आणि तिघांनीही आनंदाने सोडली होती. दादासाहेबांनी ती पहिल्यांदा सिंहगडाच्या पायथ्याशी नेली, तेव्हा परत आणली बैलांनी. दुसऱ्यांदा आळंदीला नेली, तेव्हाही बैलांनी. भर शनिवार पेठेत, लोक खिडक्यांतून पाहताहेत, पुढे बैलजोडी, मागे मोटार आणि मोटारीत शालजोडी पांघरून आमची यमू! ती काही बोलली नाही. पण आमच्या घराण्यातली बाई बोलली नाही म्हणजे समजून घ्यावं.

पुणे, खंडेनवमी

खंडेनवमीला घरोघर हत्यारं पुजतात. वकिलाच्या घरी हत्यारं कसली? तर कायद्याची बुकं, विळी, अडकित्ता आणि मोटार.

सखारामने आदल्या दिवशी इंजिन घासायला घेतलं. चिंच लावली, राख लावली, एकेक तार काढून घासून जागच्या जागी लावली. देवघरातली तांब्याभांडी लाजतील असं इंजिन लखलखलं. यमूनेसुद्धा "वा!" म्हटलं. एवढंच झालं की कॅम्पातल्या मिस्त्रीने इंजिनावर पांढऱ्या रंगाने चार आकडे घातले होते, तेही चिंचेबरोबर गेले.

ह्या इंजिनात चार नळकांडी एका रांगेत उभी असतात. प्रत्येकाच्या डोक्यावर एक चिनीमातीचा प्लग, प्लगला तार. तारेतून ठिणगी येते, आत भडका उडतो, गाडी चालते. चौघांपैकी एकाने काम सोडलं की गाडी ठोका चुकवते. मिस्त्रीने एक नवा प्लग डब्यात घालून दिला होता आणि सोबत चिठ्ठी: "एक नंबरचा प्लग जुना झाला आहे. ठोका चुकू लागल्यास आधी तो बदलावा." आता चिठ्ठी राहिली आणि आकडे गेले. त्या दिवशी कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

पूजा थाटात झाली. चारही प्लगांना ओलं हळदकुंकू माखलं, झेंडूची माळ घातली. नारळ फोडायचा मान मेहुण्याचा, म्हणजे माझा. यमू पायरीकडे बोट दाखवत होती. पण पूजा इंजिनाची आणि नारळ पायरीला, हे काही मला पटेना. एका ठोक्यात दोन भकलं केली. सखाराम "आरं आरं" करत पुढे आला, तोवर खोबरं वाटूनसुद्धा झालं होतं. गोड निघालं.

दसऱ्याच्या दिवशी श्रीखंडाच्या वाट्या निपटल्यावर यमूने तोंड उघडलं. एका पक्षकाराने खंडाळ्याचा बंगला आठ दिवस दिला होता. ती म्हणाली, "मी उद्या मुलांना घेऊन आगगाडीने जाते. तुम्ही आणा तुमची मोटार. पायी माणूस दोन दिवसांत खंडाळ्याला पोचतो, म्हणून तुम्हालाही दोन दिवस देते. परवा दिवेलागणीला गाडी बंगल्याच्या दारात हवी, आणि बैल न लावता. नाहीतर परत आल्याबरोबर गाडी विकायची, आणि सखारामने आपलं गाव गाठायचं."

सखाराम दाराशी उभा होता. त्याने मान खाली घातली आणि कानावर हात फिरवला. दादासाहेब म्हणाले, "मान्य." माणूस कोर्टात भांडून भांडून घरी दमलेला असतो.

सोमाटणे, एकादशी

देहूरोडपर्यंत आम्ही असे गेलो की दादासाहेब गाऊ लागले. सोमाटण्याच्या अलीकडे गाडीने पहिला ठोका गिळला. मग फट, फट, फट, आणि चौथ्याला काही नाही. पुन्हा फट, फट, फट, आणि काही नाही. चढ आला तशी ती दम लागलेल्या माणसासारखी थांबली.

सखारामने झाकण उघडलं. दादासाहेबांनी चिठ्ठी काढून मोठ्याने वाचली. एक नंबरचा प्लग बदलावा. ठीक. एक नंबर कुठला?

मी गाडीच्या डाव्या अंगाला उभा होतो. मी म्हटलं, "ह्यात विचारायचं काय? डावीकडून मोजायचं, अंक लिहितो तसं. म्हणजे पुढच्या टोकाचा, रेडिएटरजवळचा."

दादासाहेब उजव्या अंगाला उभे होते. तेही म्हणाले, "डावीकडूनच. पण अण्णा, माझ्या डावीकडे मागचा येतो, सखारामच्या आसनाजवळचा."

"मग तुम्ही इकडे या."

"तुम्ही इकडे या."

सखारामचा चेहरा खुलला. "सायेब बरोबर सांगत्यात. हाकणाऱ्याच्या जवळचा त्यो पयला. मानसाला जवळचं आधी दिसतं." मग जरा घुटमळून म्हणाला, "अण्णासाहेब, चारी येकदा पुसून बघू का? मदल्या दोगांवर कुंकू लय हाय."

"खबरदार! पूजेचं कुंकू कुणी पुसतं का? आणि एक नंबर मध्ये असतो का रे कधी? मोजणं मधून सुरू करतात?"

त्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. शेवटी मेहुण्याचा मान म्हणून पुढचं टोक ठरलं. पण प्लग तापलेला असताना काढायचा नाही, आटे बिघडतात, अशी मिस्त्रीची ताकीद. म्हणजे अर्धा तास नुसतं बसायचं. बांधावर बसलो. भातं निसवली होती, वास सुटला होता. एवढ्यात पुण्याकडून आगगाडी आली. विजेची झाल्यापासून ती धुरावाचून येते, सावध होऊन लपायला वेळच मिळत नाही. तिसऱ्या डब्याच्या खिडकीत आमची भाचरं! "मामा, मामा" ओरडून हात हलवू लागली. त्यांच्यामागे यमू. तिने हात हलवला नाही. उघडं झाकण पाहिलं, आम्हाला पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

प्लग बदलला. गाडी सुरू केली. फट, फट, फट, आणि काही नाही.

कामशेत

तीन ठोक्यांवर गाडी सपाटीला रडतखडत चाले आणि चढ दिसला की बसे. ती उठवायची, निववायची, पुन्हा हाकायची, असं करत कामशेतच्या अलीकडच्या चढाला तिसरा प्रहर झाला. तिथे ती बसली ती बसलीच.

पुण्यात रस्त्यावर तुमची गाडी अडली तर चार माणसं जमतात आणि सल्ला देतात. मावळात चार माणसं जमतात आणि बैल आणतात. विचारतसुद्धा नाहीत. पाहता पाहता भाताच्या बांधावरून दोन जोड्या आल्या, दोर आले, आणि त्यांच्यापुढे पांढऱ्या मिशांचे एक आबा. सखाराम हात जोडून आडवा आला. "आबा, पाया पडतो, बैल लावू नगा."

"का रं? आमचं बैल वंगाळ हायेत व्हय?"

"बैल सोन्यासारखं हायेत. पर बैल लावलं तर माजी नोकरी जाती."

आबांना हे कळेना, आणि ते कुणालाही कळण्यासारखं नव्हतंच. वाटसरू दारात अडकलाय आणि बैल नको म्हणतोय, हा गावाचा अपमान. कुजबूज सुरू झाली. तेव्हा दादासाहेबांनी तोड काढली. बैल पुढे चालतील, पण दोर बांधायचा नाही. गाडी माणसं ढकलतील. त्यामुळे बैलांचा मान राहतो आणि यमूची अटही मोडत नाही.

असा आमचा कामशेतात प्रवेश झाला. पुढे मोकळ्या चार बैलांची डौलदार चाल, मागे मोटार, मोटारीला डझनभर माणसांचे खांदे, आणि आत एकटे दादासाहेब, कारण सुकाणूशी कुणीतरी बसायला हवं होतं आणि सखाराम आणि मी ढकलत होतो. लांबून पाहणाऱ्याला काय वाटलं असेल ते मी सांगायला नको.

रात्री मुक्काम आबांकडेच. आमच्याकडे आपट्याचं सोनं दसऱ्याच्या संध्याकाळी वाटून संपतं. इथे एकादशीलाही घराघरातून माणसं येऊन आम्हाला सोनं देत होती. पाहुणा काल नव्हता, आज आला, मग त्याचा दसरा आज, असा सरळ हिशेब. माझे दोन्ही खिसे पानांनी भरले. उपास मी गाडीच्या पहिल्या ठोक्यालाच सोडून दिला होता, म्हणून तांदळाची भाकरी, वालाची आमटी आणि ठेचा निर्धास्त हाणला. मऊसूत, हाताएवढी भाकरी! आमच्या घरी असली भाकरी एकीलाही जमत नाही, हे मी यमूला अजून सांगितलेलं नाही.

सखाराम ताटावर नुसता बसून होता. मी विचारलं, "काय रे, गावाला जायची वेळ आलीच तर काय करशील?"

"काय करनार, अण्णासाहेब? गावाकडं भाऊ हाय, त्याचं बैल हायेत. माजं बैल इकून म्या टांगा केला. टांगा इकून हितं आलो. आता माज्यापाशी हाकायला ह्या गाडीबिगर काय न्हाई. थोरली पोरगी चवथीत हाय. मास्तरीन हुईन म्हनती." त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मला वाईट वाटलं की मी जास्तच रागावतो, हा माझा जुना दोष. मी म्हटलं, "मग इंजिन नीट ठेवायला नको? घासताना आकडे कुणी पुसले?"

त्याने तो तुकडा उचलून आमटीत बुडवला. आबांनी मात्र तोंड घातलं. त्यांना नंबराचा वाद समजावून दिला, तेव्हा ते म्हणाले, "ह्यात काय अवघड? नांगराला चार जोड्या जुपल्या तर पयली कंची? नांगरापाशी हाय ती. पुढची नुसती चालत्यात, वझं हिच्यावर असतं." भरल्या ओटीवर सगळ्यांनी माना डोलावल्या. चार बैलजोड्यांपुढे माझं गणित काय टिकणार? सकाळी मागचा प्लग बदलायचं ठरलं.

कार्ल्याचा फाटा, द्वादशी

कामशेतातून निघायच्या आधीच पुढच्या टोकातला नवा प्लग काढून मागच्या टोकाला बसवला, आणि मागचा जुना पुढे. गाडी सुरू केली. फट, फट, फट, आणि काही नाही.

खरं सांगतो, मला थोडा आनंद झाला. पुढचा नव्हता हे खरं, पण मागचाही नव्हता! कार्ल्याच्या फाट्याशी गाडी पुन्हा बसली तेव्हा सखाराम खाली मान घालून म्हणाला, "मदली दोन राहिली, अण्णासाहेब."

आता ही माझ्या धंद्याची गोष्ट होती. मी त्याला समजावलं, "नीट ऐक. चिठ्ठी म्हणते, दोष एक नंबरच्या प्लगात. एक नंबर एका टोकाला असणार. टोकं दोन. दोन्ही तपासली. म्हणजेच दोष प्लगात नाहीच. सिद्ध करायचं होतं ते सिद्ध झालं. आता अंदाजपंचे प्लग बदलत बसण्यात अर्थ नाही."

"वा!" दादासाहेब म्हणाले. हे मी आजही त्यांना विसरू देत नाही. त्यांनी तिथे "वा" म्हटलं नसतं, तर आम्ही दुपारच्या जेवणाला खंडाळ्यात असतो.

लोणावळा

दुपार कलल्यावर लोणावळा आलं. गुळदाणी घेतली, कारण लोणावळ्यात ती घ्यावीच लागते. नाही घेतली तर लोक विचारतात. दुकानाच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, रामभाऊ नावाचे. रेल्वेत सांधेवाले, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते, आता पेन्शनीत. आमच्या गाडीचा आवाज त्यांनी डोळे मिटून ऐकला. मग सगळी हकिगत ऐकली आणि हसले.

"एक नंबर, एक नंबर करताय, पण गाडी कुठल्या डायरेक्शनला चाललीय ते सांगाल की नाही? मी तीस वर्षं घाटातल्या उलटापालटीच्या स्टेशनावर काढली. गाडी चढून यायची, इंजिन सोडायचं, दुसऱ्या तोंडाला लावायचं, आणि गाडी आली त्याच्या उलट चालू लागायची. सगळ्यात शेवटचा डबा सगळ्यात पहिला! मुंबईकडून येताना जो पहिला, तो पुण्याकडं जाताना शेवटला. आता बोगदे झाले, स्टेशन गेलं, लोकांना नंबरातलं काही कळेनासं झालं."

"मग आम्ही काय करावं?" दादासाहेबांनी विचारलं.

"काय करावं? तोंड फिरवा. गाडी उलटी न्या."

वाचकहो, मी हसलो नाही. मी विचार केला. माझी सिद्धता गाडी पुढे जात असतानाची होती. मागे जात असताना दोन्ही टोकं कुणी तपासली होती? सिद्धतेत भोक राहिलं होतं, आणि भोक राहिलेली सिद्धता मी मुलांचीसुद्धा खपवून घेत नाही. मी म्हटलं, "बरोबर आहे. उलटी नेऊ."

सखारामने माझ्याकडे पाहिलं, दादासाहेबांकडे पाहिलं, आणि वर आकाशाकडे पाहिलं. पण नोकर माणूस, करतो काय! दिवस उतरायला लागला होता.

लोणावळ्याच्या बाजारातून आमची मोटार पाठमोरी निघाली. मी मागे, म्हणजे आता पुढे, छत्री उंच धरून "बाजूला व्हा, बाजूला व्हा" ओरडत चाललो होतो. रामभाऊ हिरवं फडकं दाखवत कडेने चालले होते. ते त्यांनी कुठून आणलं देव जाणे. चहाच्या दुकानातली माणसं पेले घेऊन रस्त्यात आली. समोरून येणारा टांगेवाला गोंधळला आणि त्यानेही आपला घोडा मागे घेतला. पोस्टापाशी शिपायाने आम्हाला थांबवलं आणि विचारलं, "जाताय की येताय?" दादासाहेब म्हणाले, "खंडाळ्याला जातोय." तो म्हणाला, "मग तोंड पुण्याकडं का?" दादासाहेबांनी रामभाऊंकडे बोट दाखवलं. शिपायाने हिरवं फडकं पाहिलं आणि आम्हाला सोडून दिलं.

आणि गंमत म्हणजे गाडी चढली! उलट्या गिअरला जोर असतो, हे मला मागाहून कळलं. ठोका चुकतच होता, पण चढ चढत होती. रामभाऊ गावाच्या वेशीपाशी थांबले आणि सलाम करून परत फिरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांनी त्यांनी एक गाडी उलटी करून पाठवली होती.

खंडाळ्याच्या अलीकडे

मैलभर गेलो आणि रेडिएटर उकळला. वाफेचा लोट उठला. सूर्य डोंगराला टेकायला फारसा वेळ नव्हता. पलीकडच्या वळणाआडून बंगल्यांची कौलं दिसत होती. सखाराम खाली उतरला, चाकाला टेकून बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला त्याच्याकडे बघवेना.

रस्त्याच्या कडेला एका मावशींचं छपर होतं. वाटसरूंना भाकरी आणि ताक देण्याचा त्यांचा धंदा. चुलीवर तवा होता. मी पाणी मागितलं. त्या तपेली भरून घेऊन आल्या, आम्ही रेडिएटर निववून भरला, आणि गाडी सुरू केल्यावर कानावर पदर धरून ऐकत राहिल्या.

"काय वं, ही आशी का खोकती?"

दादासाहेबांनी सगळं सांगितलं. चार नळकांडी, चार भडके, एक बंद; कोणतं ते ओळखायचं, पण एक नंबर कुठून मोजायचा ह्यावर एकमत नाही.

"म्हंजी चार चुली हायेत, आन् येक पेटली न्हाई?"

"बरोब्बर."

"मग मोजायचं कशापायी?" मावशी म्हणाल्या. "तवा तापला का ते बघाया आकडा लागतोय व्हय?"

त्यांनी तपेलीत बोटं बुडवली. प्रत्येक नळकांड्यातून धुराची आखूड नळी बाहेर येते. गाडी चालूच होती. तव्यावर शिंपडतात तसं त्यांनी पहिल्या नळीवर पाणी शिंपडलं. चुर्र! पाणी उडून गेलं. दुसऱ्या नळीवर. चुर्र! तिसऱ्या नळीवर. काही नाही. टपोरे थेंब तसेच बसून राहिले, अळवाच्या पानावर बसतात तसे. चौथीवर पुन्हा चुर्र!

"ही चूल इझलीया," असं म्हणून त्या भाकरी उलटायला निघून गेल्या.

दोन दिवस! एक गणिताचा मास्तर, एक वकील, एक गाव, एक रेल्वेचा पेन्शनर! आणि ही बाई चार शिंतोड्यांत निकाल देऊन भाकरीकडे गेली. 

तिसरा, म्हणजे मधला. प्लग निवेपर्यंत थांबायला आता सवड नव्हती. सखारामने ओलं फडकं हाताला गुंडाळून त्याच्यावरचं कुंकू पुसलं. यावेळी मी खबरदार म्हटलं नाही. कुंकवाच्या थराखाली चिनीमातीला उभी चीर गेली होती, केसाएवढी. आणि प्लगाच्या बुडाशी खाचेत काहीतरी तपकिरी अडकलं होतं. सखारामने ते पान्याच्या टोकाने उचकटून काढलं आणि तळहातावर घेतलं.

करवंटीचा तुकडा. नारळाच्या करवंटीचा.

मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. त्या ठोक्याचा आवाज मला आठवला. "आरं आरं" करत पुढे आलेला सखाराम आठवला. 'मदल्या दोगांवर कुंकू लय हाय' आठवलं. 'मदली दोन राहिली' आठवलं. दादासाहेब डब्यातलं काहीतरी शोधत होते, त्यांनी पाहिलं नाही. सखारामने मूठ मिटली, तुकडा बंडीच्या खिशात टाकला आणि मागच्या टोकातला नवा प्लग काढायला वळला.

मी हळूच म्हटलं, "तुला माहीत होतं."

"म्हाईत न्हवतं. वाटत व्हतं."

"मग स्पष्ट बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुमी बाईसाहेबांचं थोरलं भाऊ. मानाचा नारळ. त्यात खोट कशी काडायची?" आणि तो पाना फिरवू लागला.

माझी नोकरी जाणार नव्हती. माझी मुलगी मास्तरीण व्हायची राहणार नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मी दोन दिवस दोर वळत होतो. मला इतकी लाज वाटली की मी मावशींकडे जाऊन उगीचच ताक मागितलं आणि पिण्याऐवजी हातात धरून उभा राहिलो.

खंडाळा

नवा प्लग तिसऱ्यात बसला, डब्यातला जुना मागे गेला. गाडी सुरू झाली आणि चारही ठोके असे सरळ वाजू लागले की दादासाहेबांनी टोपी उडवली. तोंड फिरवून, सुलटी, आम्ही बंगल्याच्या दारात पोचलो तेव्हा यमू तुळशीपाशी दिवा लावत होती. काडी अजून तिच्या हातात जळत होती.

"बैल लावले म्हणे कामशेताला?" तिने पहिलं तेच विचारलं. बातमी आगगाडीने आमच्या आधी आली होती.

"बैल होते, दोर नव्हता," दादासाहेब म्हणाले.

यमूने दिवा नीट लावला, हात जोडले, आणि मग सखारामकडे वळली. "काय बिघडलं होतं?"

"काय न्हाई, बाईसाहेब. येका पलगला चीर गेलती. माज्या ध्यानात आलं न्हाई."

"इंजिन घासताना दिसली नाही?"

"न्हाई दिसली."

यमूच्या भुवया जवळ आल्या. "गाडी आली, तेव्हा गाडी ठेवते. शब्द दिला होता. पण ज्याला फुटका प्लग दोन दिवस दिसत नाही, त्याच्या हाती मी मुलांना कशी बसवू? अहो, तुम्ही दुसरा माणूस बघा."

सखारामने मान खाली घातली आणि कानावर हात फिरवला, परवासारखाच. पण त्याचा हात खिशाकडे गेला नाही.

मग मी पुढे झालो. सखारामच्या बंडीच्या खिशात मीच हात घातला, करवंटीचा तुकडा काढला आणि यमूच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, "यमे, पाहिजे तर मला काढून टाक. हा माझा आहे. तू पायरी दाखवत होतीस, आणि मी इंजिनावर फोडला. हा दोन दिवस मधले प्लग बघू या म्हणत होता, आणि मी दोन दिवस ह्याला शिव्या घालत होतो. ह्याचं काही चुकलं असेल तर एवढंच, की ह्याने माझा मान ठेवला."

 यमूने तुकडा दिव्याजवळ धरून पाहिला. तिच्या ओठांचे कोपरे हलले. "अण्णा, लहानपणी बाबांच्या चष्म्यावर अक्रोड फोडला होतास, तोही तूच ना?"

"मीच," मी म्हटलं. चाळीस वर्षांत हे मी कबूल केलं नव्हतं. त्या वेळी मार बसला होता तो आमच्या गड्याच्या मुलाला.

"सखाराम," यमू म्हणाली, "हातपाय धुऊन घे. पानं वाढलीत. आणि उद्या मुलांना कड्यावरून पाणी पडतं ते दाखवायला ने गाडीतून. अण्णांना नेलं नाहीस तरी चालेल."

मी खिशातून आपट्याचं एक चुरगळलेलं पान काढलं आणि सखारामला दिलं. सोनं द्यायचा दिवस केव्हाच उलटून गेला होता. पण कामशेताचा हिशेब मला आता पटला होता. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मला पाय मागे घेता आले नाहीत, इतकं अवघडल्यासारखं झालं.

पुन्हा पुणे, पुढली खंडेनवमी

यंदाही इंजिन घासलं, पण मिस्त्रीचे आकडे शाबूत ठेवून. यंदाही हळदकुंकू वाहिलं, बोटाच्या टोकाएवढं. नारळ फोडायचा मान मेहुण्याचाच. सखारामने नारळ माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या हाताने माझा दंड धरून मला गाडीपासून लांब, परसातल्या धुण्याच्या दगडापाशी नेऊन उभं केलं. दगडावर पांढऱ्या रंगाने ठळक आकडा काढलेला होता: १.

"कंच्या बी अंगानं मोजा, अण्णासाहेब," तो म्हणाला. "येकच हाय."